दप्तराची किल्ली कुणाकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



निवडणूक आली की दारात माणसं येतात. हात जोडतात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतात. आपणही त्यांना आपली यादी सांगतो. पाणी एक दिवसाआड येतं, गटार तुंबलंय, दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या. ही यादी खरीच असते आणि ती सांगायलाच हवी. आज मी त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा म्हणतो. सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांवर जे सॉफ्टवेअर चालतं, ते कुणाच्या मालकीचं आहे? ते उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा हक्क कुणाला आहे?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकातलं मला टंकलेखनापलीकडे फारसं कळत नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या घरात वडिलांच्या नावावाटे आला.

माझ्या अब्बांचं नाव बुऱ्हाण. ते शाळामास्तर होते, मराठी शिकवायचे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक न कळणाऱ्या मुलाला ते पुढच्या वर्गात जाऊ देत नसत. एकात विद्वान गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हा जो चंद्रकोरीसारखा आडवा अर्धा र, तो मराठीचा खास दागिना आहे असं ते म्हणत. तोच त्यांच्या नावातही होता.

अब्बा गेले. अम्मीच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मी कागद गोळा करू लागलो. त्यांच्या सेवापुस्तकात शाईनं, वळणदार अक्षरात 'बुऱ्हाण' लिहिलेलं. मृत्यूचा दाखला संगणकावर निघाला, त्यावर 'बु-हाण', मध्ये एक आडवी रेघ. तिसऱ्या कचेरीच्या संगणकाने ह वर रफार चढवून 'बुर्हाण' केलं. तीन कागदांवर तीन माणसं झाली आणि अर्ज 'नाव जुळत नाही' अशा शेऱ्यानिशी परत आला.

टेबलावरचा कारकून चांगला माणूस होता. त्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. म्हणाला, "सर, मला कळत नाही का? माझ्या मेव्हण्याचं आडनाव गोऱ्हे आहे, त्याचंही असंच होतं. पण या प्रोग्राममध्ये ते अक्षरच येत नाही. कंपनीला कळवलंय." कंपनीचं काय उत्तर आलं, असं विचारलं. तो म्हणाला, "कंपनीचा करार संपला. नवी कंपनी म्हणते, जुन्यांचा प्रोग्राम आम्हाला उघडता येत नाही."

शेवटी शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं, की बुऱ्हाण, बु-हाण आणि बुर्हाण ही एकाच मयत इसमाची नावं आहेत. यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत अम्मीच्या हाती एक रुपया आला नाही. ती फार बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "बुऱ्हाण म्हणजेच पुरावा. आणि त्यांच्याच नावाचा पुरावा मागतायत?" अरबीत या शब्दाचा अर्थ खरोखरच पुरावा असा आहे.

त्या कारकुनाचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, 'आम्हाला उघडता येत नाही.' सरकारी कचेरी, लोकांची नोंद, लोकांच्या करातून घेतलेला प्रोग्राम. आणि तो सरकारलाच उघडता येत नाही. हे कसं, ते समजून घेण्यासाठी मी जाणकारांना गाठलं. मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

संगणकाचा कोणताही प्रोग्राम आधी माणूस लिहितो. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. मग त्याचं संगणकाला कळेल अशा रूपात भाषांतर होतं आणि ते आपल्याला दिलं जातं. घरगुती उदाहरण घ्यायचं तर सोर्स कोड म्हणजे बिर्याणीची कृती आणि आपल्याला मिळतो तो शिजलेला हंडा. हंडा समोर आला की मीठ कमी पडलंय हे कळतं. पण कृती ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही. बहुतेक कंपन्या हंडा विकतात, कृती देत नाहीत. वर अशी अट घालतात, की तुम्ही ती शोधायची नाही, बदलायची नाही आणि शेजाऱ्यालाही द्यायची नाही.

याच्या उलट रीत म्हणजे ओपन सोर्स, मराठीत मुक्तस्रोत. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा विचार थोडक्यात असा, की सॉफ्टवेअर घेणाऱ्याला ते हवं तसं वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक असावी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा संगणक प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच लिनक्स आहे. म्हणजे हे कुणा हौशी मंडळींचं खेळणं राहिलेलं नाही.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, मुक्त म्हणजे फुकट. तसं नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची परवाना फी बहुधा नसते, पण ते बसवायला, शिकवायला, सांभाळायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. फरक इतकाच, की तो पैसा परवान्याच्या कागदावर न जाता कामावर जातो आणि ते काम आपल्या जिल्ह्यातली मुलंही करू शकतात.

दुसरा गैरसमज असा, की कोड उघडा म्हणजे आपली माहिती उघडी. तसंही नाही. कुलूप कसं बनतं हे साऱ्या गावाला ठाऊक असलं, तरी तुमच्या कुलपाची किल्ली तुमच्याच कनवटीला असते. उलट कुलपाची रचना चार कारागिरांनी पाहिलेली असेल, तर त्यातली खोट लवकर सापडते. कोरोनाच्या काळात केंद्र सरकारने आरोग्य सेतू हे ॲप आणलं. लोकांच्या खासगीपणाविषयी प्रश्न उठले, तेव्हा मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड सरकारनेच लोकांसमोर ठेवला. कोड खुला झाला म्हणून कुणा रुग्णाची माहिती त्यातून बाहेर येत नाही. ॲप काय करतं, हे मात्र तपासता येतं.

प्रोग्रामइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. प्रोग्राम जी नोंद साठवतो, ती कोणत्या साच्यात साठवतो? हे मला माझ्याच कवितांनी शिकवलं. १९९९ साली मी एक संग्रह आमच्या गावच्या डीटीपी सेंटरमध्ये टाइप करून घेतला. फ्लॉपी जपून ठेवली. दहा वर्षांनी ती उघडली, तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट आपापल्या गुप्त हिशेबाने चालायचा. 'क' कुठल्या कळीवर आणि कुठल्या क्रमांकावर, हे ज्याचं त्याला माहीत. तो फॉन्ट गेला आणि त्याबरोबर कविताही वाचेनाशी झाली. माझा संग्रह तोवर छापून झाला होता, म्हणून वाचला. दप्तरातल्या नोंदी कुठे छापलेल्या असतात?

यावर उपाय म्हणून युनिकोड आलं. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला, सर्वांना माहीत असलेला क्रमांक. आपल्या चंद्रकोरीच्या र साठीही त्यात सोय आहे. म्हणजे अब्बांचं नाव संगणकावर लिहिता येत नव्हतं असं नाही, त्या एका प्रोग्रामात ते येत नव्हतं. आणि तो प्रोग्राम दुरुस्त करण्याचा अधिकार गावात, जिल्ह्यात, राज्यात कुणालाच नव्हता. मराठीतला 'ल' आणि 'श' कसा काढावा, हे राज्य शासनाने २००९च्या निर्णयात ठरवून दिलं. लोहित किंवा मुक्त यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट असतील, तर असा बदल कुणीही जाणकार कायदेशीरपणे करू शकतो. बंद फॉन्ट असेल, तर शासन निर्णय निघूनही कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

या साच्याच्या गोष्टीचा एक जुना दाखला आपल्याच मातीत आहे. पेशवे दप्तरातले असंख्य कागद मोडीत आहेत. मोडी शाळेतून गेली, व्यवहारातून गेली. तरीही ते कागद आज वाचता येतात, कारण मोडी कुणाच्या मालकीची नव्हती. शिकायची इच्छा असलेला माणूस आजही ती शिकू शकतो. २०२३ साली मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो, की शंभर वर्षांपूर्वी कुणा तलाठ्याने, कुणा मुन्शीने लिहिलेली ओळ आज एखाद्या कुटुंबाचं भवितव्य ठरवते आहे. ती ओळ मोडीऐवजी एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या गुप्त साच्यात असती, तर? आपल्या नातवंडांना आपली नोंद लागेल, तेव्हा ती उघडेल का?

म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांचा नाही, नागरिकांचा आहे. आणि तो नागरिकांनी व लोकप्रतिनिधींनी उचलल्याची उदाहरणं जगात आहेत.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या संसदेत या शतकाच्या सुरुवातीला एक विधेयक आलं, की सरकारी कचेऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअर वापरावं. मायक्रोसॉफ्टच्या पेरूतल्या प्रमुखांनी हरकतीचं पत्र पाठवलं. एडगर व्हिलानुएवा या खासदारांनी एप्रिल २००२ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिलं आणि ते उत्तर जगभर वाचलं गेलं. त्यांचा मुद्दा स्वस्ताईचा नव्हताच. सरकारने तीन गोष्टींची हमी द्यायला हवी, असं ते म्हणाले. सार्वजनिक माहिती नागरिकाला मोकळेपणाने मिळावी, ती काळाच्या ओघात टिकावी आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता राहावी. सॉफ्टवेअर गुप्त असेल, तर या हम्या सरकार कशाच्या जोरावर देणार? ते विधेयक मूळ रूपात टिकलं नाही. २००५ साली त्याहून सौम्य कायदा झाला. पण प्रश्न कसा मांडावा, हे त्या पत्राने शिकवलं.

जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट जास्त बोधप्रद आहे, कारण ती सरळ रेषेत जात नाही. २००३ साली तिथल्या महापालिकेने आपले संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले. तरी निर्णय बदलला नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. २०१४ साली नवे महापौर निवडून आले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे आल्या आणि २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. मग २०२०ची निवडणूक झाली. सत्तेत आलेल्या पक्षांच्या करारात पुन्हा लिहिलं गेलं, की जिथे शक्य आहे तिथे मुक्तस्रोत वापरू. यात कोण बरोबर, कोण चूक, हा वाद चालत राहील. कर्मचाऱ्यांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या होत्या, असं मी म्हणणार नाही. शिकवणी नीट झाली नाही, तर उत्तम अवजारही हातात टोचतं. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. संगणकात काय चालावं, हे तिथे निवडणुकीने ठरत होतं. मतपेटीचा आणि सॉफ्टवेअरचा संबंध नाही, असं म्हणणाऱ्याने म्युनिककडे पाहावं.

फ्रान्समध्ये तर उमेदवारांना विचारण्याची रीतच पडली. २००७च्या अध्यक्षीय निवडणुकीत मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या 'एप्रिल' या संस्थेने उमेदवारांना प्रश्नावली पाठवली. प्रमुख उमेदवारांनी लेखी उत्तरं दिली आणि ती लोकांसमोर ठेवली गेली. पुढच्या निवडणुकांत याच संस्थेने उमेदवारांसमोर सहीसाठी एक करारनामा ठेवला. केवळ या प्रश्नांमुळेच पुढचं सगळं घडलं असा दावा मी करत नाही. पण पुढे काय घडलं, ते नोंदीत आहे. २०१२ साली फ्रान्सच्या पंतप्रधानांनी सरकारी खात्यांत मुक्त सॉफ्टवेअर कसं वापरावं याचं परिपत्रक काढलं. २०१६च्या कायद्याने सरकारी प्रोग्रामचा सोर्स कोड हा सरकारी दस्तऐवज ठरला, म्हणजे नागरिक तो मागू शकतो. त्याच वर्षी प्राप्तिकर मोजणाऱ्या सरकारी प्रोग्रामचा कोड खुला झाला. तिथल्या जॉन्दार्मरी या पोलिस दलात ७० हजारांहून अधिक संगणक लिनक्सवर चालतात.

आता आपल्याकडे येऊ. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी शाळांतलं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आज तिथल्या शाळांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यावर चालतात, असं तिथली शिक्षणयंत्रणा सांगते. त्याच राज्यात स्वयंसेवकांनी मल्याळम अक्षरांसाठी मुक्त फॉन्ट आणि साधनं तयार केली. आपल्या अक्षरासाठी कंपनीची वाट पाहायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

देशपातळीवर २००९च्या लोकसभा निवडणुकीत एक गंमत झाली. भारतीय जनता पक्षाचं माहिती तंत्रज्ञानविषयक दृष्टिपत्र आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा जाहीरनामा, ज्यांचं एरवी कशावरच पटत नाही, त्या दोहोंत मुक्तस्रोताला पाठिंबा होता. याचा अर्थ मी असा घेतो, की हा प्रश्न डाव्या-उजव्याचा नाही. तो कुठल्याही उमेदवाराला निःसंकोच विचारता येतो.

२०१० साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं, म्हणजे नोंदी अशा साच्यात ठेवाव्यात की जो कुणा एकाचा नसेल. मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर झालं. सरकारी निविदेत मुक्तस्रोताचा पर्यायही विचारात घेतला जावा आणि तो वगळायचा असेल तर पुरवठादाराने कारण द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. धोरण चांगलं आहे. पण त्यातली एक ओळ लक्षात ठेवा. ते केंद्र सरकारच्या कार्यालयांना आणि जी राज्यं ते स्वीकारतील त्यांना लागू आहे. 'स्वीकारतील' या शब्दात सारं आलं. आपल्या जन्माची, मृत्यूची, जमिनीची, घरपट्टीची नोंद दिल्लीत होत नाही. ती तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत, पालिकेत होते. म्हणजे विचारायचं तेही आपल्याच आमदाराला, आपल्याच नगरसेवकाला.

आणि विचारायचं ते निवडणुकीपूर्वी. निविदा निघाली, करार झाला, की पुढची काही वर्षं हात बांधलेले असतात. जुनी कंपनी महाग झाली तरी सोडवत नाही, कारण नोंदी तिच्या साच्यात अडकलेल्या. सावकाराचं व्याज फिटतं, पण मुद्दल फिटत नाही, तशातली ही गत.

विचारायचं कसं, हे मात्र मी चूक करून शिकलो. आमच्या गावच्या एका पालिका निवडणुकीत गल्लीत एक तरुण उमेदवार आला. माझ्या वर्गमित्राचाच मुलगा, मला चाचा म्हणतो. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "ओपन सोर्सबद्दल तुझं धोरण काय?" तो हसून म्हणाला, "चाचा, आपले सगळे सोर्स ओपनच आहेत. तुम्ही फक्त काम सांगा!" बरोबरची पोरं हसली, मीही हसलो आणि मिरवणूक पुढे गेली.

रात्री विचार केला, चूक माझीच होती. मी त्याला शब्द विचारला, गोष्ट विचारली नाही. दुसऱ्या दिवशी अब्बांचे तिन्ही कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. टेबलावर ओळीने मांडले. त्याने ते पाहिले आणि आत जाऊन स्वतःच्या घरपट्टीची पावती आणली. त्याचं आडनाव कुऱ्हाडे. पावतीवर 'कु-हाडे' छापलेलं. म्हणाला, "चाचा, मला वाटायचं ते असंच लिहितात."

मग आम्ही दोघांनी बसून एका कागदावर साध्या मराठीत चार प्रश्न लिहिले. तेच तुम्हाला देतो.

पहिला प्रश्न. लोकांच्या पैशातून आपल्या कचेरीसाठी जो प्रोग्राम लिहून घेतला जाईल, त्याचा सोर्स कोड कचेरीच्या ताब्यात राहील, असं तुम्ही करारात लिहून घ्याल का?

दुसरा. कंपनी बदलली किंवा बुडाली, तर सगळ्या नोंदी खुल्या साच्यात, कुणालाही वाचता येतील अशा, परत मिळतील का?

तिसरा. प्रत्येक नागरिकाचं नाव युनिकोड मराठीत, शुद्ध छापलं जाईल का? चूक निघाली तर ती किती दिवसांत आणि कोण दुरुस्त करील?

चौथा. नवं सॉफ्टवेअर घेताना मुक्तस्रोताचा पर्याय तपासला का आणि नाकारला असेल तर का, हे लोकांना कळेल अशा ठिकाणी लावाल का?

चारही प्रश्नांत एकही अवघड गोष्ट नाही. एखादा उमेदवार म्हणेल, बंद सॉफ्टवेअरच आमच्या कामाला सोयीचं आहे. तेही उत्तर आहे. काही कामांना ते खरंही असेल. आपण त्याचं कारण मागायचं आणि लिहून घ्यायचं. तोंडी आश्वासन मिरवणुकीच्या गुलालासारखं असतं, पहिल्या पावसात धुऊन जातं. कागदावरची सही राहते. निवडणुकीनंतर २००५चा माहिती अधिकार कायदा आपल्या हाताशी आहेच. कराराची प्रत मागता येते आणि त्या सहीशेजारी ठेवून वाचता येते.

त्या मुलाने कागदाच्या तळाशी लिहिलं, 'निवडून आल्यास पहिल्या सभेत विषय मांडीन', आणि सही केली. सही करताना आडनावातला चंद्रकोरीचा र त्याने जरा मोठाच काढला.

पुढे काय झालं? तो पडला. फार थोड्या मतांनी, पण पडला. जे निवडून आले, त्यांना मी काहीच विचारलेलं नव्हतं. ते आमच्या गल्लीत आले, तेव्हा मी घरात बसून होतो. त्यामुळे माझ्याकडे एक सही आहे, पण ती सभागृहात नाही. पालिकेच्या पावत्यांवर ती आडवी रेघ अजून येते.

म्हणून श्रोतेहो, माझी चूक तुम्ही करू नका. आपला वाटतो त्या एकालाच विचारून थांबू नका. जे जे दारात येतील, त्या सगळ्यांना विचारा. जे येणार नाहीत, त्यांच्या दारात जाऊन विचारा. हे चार प्रश्न लिहून काढायला वहीचं एक पान पुरतं. सोबत आपल्या घरातला एखादा चुकीचा छापलेला दाखला ठेवा, म्हणजे फार समजवावं लागणार नाही.

मी यंदा चार प्रती काढल्या आहेत. चौघांनाही देणार आहे. अम्मी आता नाही. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर पतीचं नाव लिहायचं होतं, तेव्हा कारकुनाने विचारलं, "सर, कसं लिहू? रेघेचं की रफाराचं?" मी म्हटलं, सध्या रेघेचं लिहा. अब्बांचं नाव त्याने नीट लिहावं, असं मी त्याला सांगू शकलो नाही. ते त्याच्या हातात नव्हतंच.